मॅन्झनार हायस्कूल

मॅन्झनार हायस्कूल : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्यातील मॅन्झनार छावणीत १९४२ ते १९४५ या काळात चाललेली माध्यमिक शाळा. तिचे विद्यार्थी जपानी वंशाचे होते, बहुतेक सगळे अमेरिकेतच जन्मलेले, आणि शाळेभोवती काटेरी तारेचे कुंपण होते. युद्धकाळात अमेरिकेतील बाकीच्या शाळांमध्ये जे चालत होते तेच इथेही चालत होते : हजेरी, पाढे आणि प्रमेये, बेडकाचे विच्छेदन, नाटकाच्या तालमी, ग्रंथालयातून नेलेले पुस्तक वेळेवर परत करण्याची घाई. इतके साधे शालेय जीवन तिथे उभे करायला किती कष्ट पडले असतील, हे समजण्यासाठी आधी छावणीकडे पाहावे लागते.

पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरील जपानच्या हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून पुढे दहा छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोणावरही आरोप नव्हता, खटला नव्हता. हातात मावेल तेवढेच सामान बरोबर घेता येत असे. अनेक मुलांचे शाळेचे वर्ष वसंत ऋतूतच अर्धवट तुटले. मॅन्झनारमध्ये एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे राहिली. ‘मॅन्झनार’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ सफरचंदाची बाग. तिथे पूर्वी खरोखरच फळबागांचे गाव होते. लॉस एंजेलिस शहराने खोऱ्यातले पाणी आणि जमिनी घेतल्यावर ते उठले आणि मागे धूळ राहिली.

सरकारी शाळा सुरू होण्याआधी छावणीतल्या लोकांनीच मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. छायाचित्रकार डोरोथिया लँग हिने १९४२ च्या उन्हाळ्यात टिपलेल्या चित्रांत स्वयंसेवक शिक्षक आणि त्यांच्याभोवती जमलेली मुले दिसतात; शालेय साहित्य म्हणावे असे जवळपास काहीच दिसत नाही. शिकवणाऱ्यांतले बरेच जण पदवीधर होते. त्या शरद ऋतूत रीतसर शाळा भरू लागली, तेव्हा हायस्कूलला सातव्या ब्लॉकमधल्या बराकी मिळाल्या. पातळ फळ्यांवर डांबरी कागद ठोकून उभारलेल्या या बराकी सुमारे वीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब असत. पहिल्या दिवसांत बाके नव्हती, टेबले नव्हती. मुले जमिनीवर बसून मांडीवर वही ठेवून लिहीत. पाठ्यपुस्तके बहुधा इतर शाळांनी वापरून टाकलेली. वारा सुटला की धूळ फटींतून आत येई आणि वहीच्या पानावर साचे.

साहित्याची ही चणचण सगळ्याच छावण्यांत होती. उत्तर कॅलिफोर्नियातील टूली लेक छावणीत टायपिंगचा वर्ग होता, पण यंत्र एकही नव्हते. मुलांनी कागदावर वर्तुळे काढली, त्यांत अक्षरे लिहिली आणि त्या वर्तुळांवर बोटे दाबून सराव केला. छावणीतल्या शिक्षणाबद्दल शंभर अहवाल सांगणार नाहीत ते ही एक नोंद सांगते.

शिक्षकांत मुख्यतः बाहेरून नेमलेले गोरे शिक्षक होते. त्यांच्याबरोबर छावणीतले ‘निसेई’, म्हणजे दुसऱ्या पिढीतले तरुण पदवीधर शिकवत. छावणीतल्या रहिवाशाला कुठल्याही कामासाठी महिन्याला जास्तीत जास्त १९ डॉलर मिळत, मग तो डॉक्टर असो की शिक्षक. त्याच खोलीत तोच विषय शिकवणाऱ्या बाहेरच्या शिक्षकाला त्याच्या कितीतरी पट पगार होता. तरीही बाहेरून आलेल्यांपैकी काहींनी मुलांना मनापासून जीव लावला, हेही नोंदवायला हवे. संगीत आणि नाटक शिकवणारे लू फ्रिझेल हे त्यांपैकी एक. ‘मॅन्झनारची गानपक्षी’ म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या मेरी नोमुरा या त्यांच्याच विद्यार्थिनी.

अभ्यासक्रमाची आखणी १९४२ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल हॅना यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. छावणी हेच एक गाव मानून तिथली शेती, दवाखाना, भोजनगृह यांच्या आधारे मुलांना शिकवावे, अशी ‘समाजशाळे’ची कल्पना त्यामागे होती. कागदावर ती चांगली होती. पण पालकांना आणि मोठ्या मुलांना हवे होते ते नेहमीचे बीजगणित, रसायनशास्त्र आणि इंग्रजी, कारण त्या गुणांवर कॉलेजचा दरवाजा उघडणार होता. त्यांचे म्हणणे योग्यच होते. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी पुनर्वसन परिषदेच्या मदतीने सर्व छावण्यांतून मिळून सुमारे चार हजार विद्यार्थी बाहेरच्या कॉलेजांत जाऊ शकले.

सगळ्यात अवघड तास नागरिकशास्त्राचा असणार. ‘सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय’ अशा शब्दांनी संपणारी ध्वजप्रतिज्ञा छावण्यांतल्या शाळांत म्हटली जाई, आणि राज्यघटनेतले नागरिकांचे हक्क फळ्यावर लिहिले जात. बाहेर टेहळणीच्या मनोऱ्यावर बंदूकधारी सैनिक उभा असे. डिसेंबर १९४२ मध्ये छावणीत उसळलेल्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला. त्यात दोन जण मरण पावले, त्यांतला एक १७ वर्षांचा होता. त्यानंतर काही आठवडे शाळा बंद राहिल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला अमेरिकेवरील निष्ठा तपासणारी प्रश्नावली भरावी लागली. म्हणजे शेवटच्या वर्गातल्या मुलामुलींनाही. पुढच्या वर्षी सैन्यभरतीही लागू झाली.

ग्रंथालयाची सुरुवात देणगीतल्या पुस्तकांनी झाली. एका कुटुंबाच्या वाट्याला वीस बाय पंचवीस फुटांची खोली येई, कधी तीही दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावी लागे. शेजारच्यांचे बोलणे भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येई. अशा ठिकाणी शांतपणे बसून वाचता येईल अशी जागा मिळणे हीच मोठी गोष्ट होती. कपाटांत काय असावे यावर मात्र बंधने होती. लोकांना आधी ज्या तात्पुरत्या केंद्रांत कोंडले गेले, तिथे बायबल, स्तोत्रसंग्रह आणि शब्दकोश वगळता जपानी भाषेतली छापील पुस्तके जवळ ठेवायला मनाई होती. आजीआजोबांची वाचनाची भाषाच त्यामुळे हिरावली गेली. या काळात ग्रंथपालाने काय करावे याचे उत्तम उदाहरण सॅन दिएगोच्या क्लारा ब्रीड यांचे. स्टेशनवर निरोप द्यायला जाऊन त्यांनी मुलांना तिकीट लावलेली, स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे दिली आणि पुढे अ‍ॅरिझोनातील पोस्टन छावणीत त्यांना सतत पुस्तके पाठवली. मुलांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहेत.

रॅल्फ लाझो हा मॅन्झनारचा एक अनोखा विद्यार्थी. मेक्सिकन-आयरिश वंशाच्या या मुलावर छावणीत येण्याची कोणतीही सक्ती नव्हती. लॉस एंजेलिसच्या शाळेतले मित्र नेले जात आहेत हे पाहून तो स्वतःहून त्यांच्याबरोबर आला, इथेच शिकला आणि १९४४ मध्ये इथूनच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच वर्षी छावणीतल्या लोकांनी बांधलेले सभागृह शाळेला मिळाले. ती इमारत अजून उभी आहे आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचे माहिती केंद्र म्हणून वापरात आहे.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४३ पासून इथले वर्ग, शिवणकाम, वाचन टिपले. ही छायाचित्रे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात (लायब्ररी ऑफ काँग्रेस) आहेत. चेहरे हसरे आहेत. मात्र मनोरे, पहारेकरी आणि काटेरी तार टिपायला छायाचित्रकारांना बंदी होती, हे ती पाहताना लक्षात ठेवावे. छावणीतच कोंडलेले तोयो मियाताके यांनी भिंग लपवून आणले आणि लाकडी कॅमेरा तयार केला. पुढे ते छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले. शाळेच्या १९४५ च्या अखेरच्या वार्षिकांकात त्यांचे एक छायाचित्र आहे : काटेरी तार, आणि तिच्यावर टेकलेली पक्कड धरलेला एक तरुण हात. तो हात त्यांच्या मुलाचा होता.