'शासनमान्य' ग्रंथालयातला माणूस : पार्श्वभूमी

गावोगावच्या वाचनालयांच्या पाट्यांवर नावाखाली एक ओळ असते : 'शासनमान्य ब वर्ग', 'शासनमान्य क वर्ग'. पाटीखालच्या दारातून आत गेल्यावर जो माणूस पुस्तक देतो, नोंद करतो, पावती फाडतो आणि संध्याकाळी कुलूप लावतो, त्याच्या नेमणुकीला मात्र शासनाची मान्यता नसते. सार्वजनिक ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांनी वेतनश्रेणी, सेवाशर्ती आणि निवृत्तीनंतरची तरतूद मागितली की दर वेळी गाडी याच ठिकाणी अडते. ती का अडते, हे समजायला १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि त्याखालचे १९७० चे नियम नीट वाचावे लागतात. बाकीचा इतिहास त्यांच्या मागेपुढे उभा आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. रत्नागिरी, अहमदनगर, नाशिक, पुणे आणि कोल्हापूर इथली जुनी वाचनालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८५० पर्यंत उभी राहिली. सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता, पुढे गावातल्या शिकलेल्या मंडळींनी ती वर्गणीवर चालवली. पुस्तके सांभाळणारा माणूस असे, पण ते त्याचे 'पद' नव्हते. हिशेब कार्यवाह बघत आणि देवघेव एखादा कारकून किंवा निवृत्त शिक्षक. ग्रंथपालाचे काम शिकून करायचे असते हा विचार आपल्याकडे आला तो बडोद्यातून. तिथल्या महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून एका ग्रंथपालाला बोलावले आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बडोद्याने ग्रंथालयांचे जाळे विणले आणि ते चालवणारी माणसेही घडवली. या दोन गोष्टी तिथे एकत्र झाल्या. मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात त्या कधीच एकत्र आल्या नाहीत, हे माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे.

१९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालयविकासासाठी समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. वर मध्यवर्ती ग्रंथालय, मग प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव अशी उतरंड तिने सुचवली. अंमलबजावणी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाली तेव्हा सरकारने नवी ग्रंथालये बांधली नाहीत. जिल्ह्याच्या गावी आधीपासून असलेल्या वाचनालयालाच 'जिल्हा ग्रंथालय' म्हणून मान्यता देऊन वार्षिक अनुदान सुरू केले. पैसा कमी होता आणि लोकांनी उभ्या केलेल्या चांगल्या संस्था हाताशी होत्या, त्यामुळे ते शहाणपणाचेही होते. पण त्या दिवसापासून शासनाचा व्यवहार संस्थेशी सुरू झाला. संस्थेत काम करणाऱ्याशी शासनाचा थेट संबंध आलाच नाही.

आता १९६७ चा निर्णय. त्याआधी मद्रासने १९४८ मध्ये, हैदराबादने १९५५ मध्ये, आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये आणि म्हैसूरने १९६५ मध्ये ग्रंथालय कायदे केले होते. म्हैसूरचा कायदा सर्वांत जवळचा, काळानेही आणि भूगोलानेही. त्यात ग्रंथालय कर होता, शहर आणि जिल्हा पातळीवर ग्रंथालय प्राधिकरणे होती आणि त्यांत काम करणाऱ्यांसाठी राज्य ग्रंथालय सेवा होती. म्हणजे तिथला ग्रंथपाल सरकारी सेवेतला. महाराष्ट्राने तो रस्ता सोडला. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. ग्रंथालय निधी आहे, त्यात राज्याने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालायचे. संचालनालय आहे, राज्य ग्रंथालय परिषद आहे. गावातली ग्रंथालये मात्र पूर्वीप्रमाणेच नोंदणीकृत संस्थांनी चालवायची आणि शासनाने अनुदान द्यायचे.

या निर्णयावर आजही दोन बाजूंनी बोलले जाते. एक बाजू म्हणते की महाराष्ट्रातली ग्रंथालय चळवळ लोकांची होती आणि ती सरकारी खाते होऊ दिली नाही हेच बरे. कार्यकारिणी निवडून येते, गावातला शिक्षक, वकील, दुकानदार तिथे वेळ देतो, व्याख्यानमाला चालतात, दिवाळी अंकांची योजना निघते. यात खरेपणा आहे. ज्यांनी तालुक्याच्या गावातली चांगली वाचनालये पाहिली आहेत ते हे नाकारणार नाहीत. आज राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत, आणि इतकी ग्रंथालये कोणत्याही सरकारी खात्याला उभी करता आली नसती. दुसरी बाजू विचारते : मग या ग्रंथालयांत राबणारी वीस हजारांवर माणसे कोणाची? संस्था म्हणते, पगार अनुदानावर अवलंबून आहे, वाढवायचा तर शासनाने वाढवावा. शासन म्हणते, नेमणूक संस्थेची आहे, आम्ही फक्त अनुदान देतो. शिवाय लहान ग्रंथालये दिवसातले काही तासच उघडी असतात, मग पूर्णवेळ वेतनश्रेणी कशी द्यायची? दोन्ही उत्तरे कागदावर बरोबर आहेत. त्या दोहोंच्या मध्ये ग्रंथपाल उभा राहतो. म्हैसूरचा रस्ता घेतला असता तर सगळे सुटले असते असेही नाही. कर्नाटकात पुढे गावपातळीवर मानधनावरची माणसे आलीच, आणि त्यांचेही लढे झाले.

खरा गुंता 'मान्यता' या शब्दात आहे. १९७० च्या नियमांचे नावच मोठे बोलके आहे, त्यात ग्रंथालयांना अनुदानासाठी मान्यता देण्याचे नियम असे म्हटले आहे. म्हणजे मान्यता ही अनुदान मिळण्याची पात्रता झाली. पुस्तके किती, सभासद किती, नियतकालिके किती येतात, जागा कशी, हिशेब तपासलेला आहे का, यावर वर्ग ठरतो : अ, ब, क, ड. अ वर्गात पुन्हा जिल्हा, तालुका आणि इतर. कर्मचारी किती आणि कोणत्या पात्रतेचे हवेत हेही वर्गावरच ठरते. वरच्या वर्गात पदवी आणि ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण लागते, ड वर्गात एकच माणूस असतो आणि तोच सगळे करतो. पात्रतेची अट शासनाने घातली, पण ती पूर्ण करणाऱ्याला बदल्यात काय मिळेल हे कुठे लिहिले नाही. शाळेच्या बाबतीत असे झाले नव्हते. खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाची नेमणूकही संस्थाच करते, तरी तिथे मंजूर पद असते, पदाला वेतनश्रेणी असते आणि नोकरीला कायद्याचे संरक्षण असते. 'शासनमान्य' शाळा आणि 'शासनमान्य' ग्रंथालय हे शब्द शेजारी ठेवले तर एकच वाटतात. शाळेच्या अनुदानात शिक्षकाचा पगार वेगळा मोजलेला असतो. ग्रंथालयाला मिळते ते परिरक्षण अनुदान, आणि त्यातला निम्मा वाटा पगाराला, निम्मा पुस्तके, अंक, भाडे, वीज यांना. परिरक्षण म्हणजे देखभाल. ग्रंथपालाचा पगार इमारतीच्या देखभालीच्या रांगेत जाऊन बसला. ही भाषेतली बारीक गोष्ट नाही. पुढच्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक अर्जाला याच शब्दाच्या आधारे नकार मिळाला आहे.

महाविद्यालयांत चित्र वेगळे झाले, आणि तेही वेळेवर घेतलेल्या एका निर्णयामुळे. १९५७ मध्ये विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय पातळीवर समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद स्वतः एका ग्रंथपालाकडे, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्याकडे होते. ग्रंथपालाची पात्रता आणि वेतन अध्यापकाच्या बरोबरीचे असावे ही तिची शिफारस मान्य झाली. पुढे पात्रता परीक्षा आल्या, वेतन आयोगांचे लाभ आले. त्यांच्याही तक्रारी आहेत. अध्यापकाची वेतनश्रेणी मिळते पण अध्यापक म्हणून धरत नाहीत, पदे रिकामी राहतात, भरती वर्षानुवर्षे रखडते. शाळांमध्ये 'अर्धवेळ ग्रंथपाल' नावाचा तिसराच प्रकार रुजला, त्याची कहाणी स्वतंत्र लिहावी इतकी लांब आहे. पण या दोन्ही ठिकाणी निदान पद असते. वर्गीकरण तेच, तालिका तीच, दाखल नोंदवही तीच, वाचकही कधीकधी तोच. दुपारी महाविद्यालयात पुस्तक मागणारी मुलगी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला सार्वजनिक वाचनालयात बसते, आणि तिला दोन्हीकडे पुस्तक काढून देणाऱ्या माणसांच्या पगारात कित्येक पटींचा फरक असतो.

संधीचा प्रश्न इथूनच निघतो. सार्वजनिक ग्रंथालयातल्या माणसाला शिकायची सोय होती. जिल्हा ग्रंथालय संघांनी काही महिन्यांचे प्रमाणपत्र वर्ग वर्षानुवर्षे चालवले, आणि तालुक्यातला दहावी-बारावी झालेला मुलगा तिथेच पहिल्यांदा दशांश वर्गीकरण शिकला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून पदवी घेता आली, त्याचा फायदा स्त्रियांनी विशेष घेतला. पण शिकून पुढे काय? निर्गम सहायकाने, म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणाऱ्याने, पदवी घेतली तर तो ग्रंथपाल होतो, तेही आधीचा ग्रंथपाल निवृत्त झाला तर. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत बदली नाही, वरचे पद नाही, आधीची सेवा धरली जाण्याची खात्री नाही. म्हणून पदवी मिळालेला तरुण महाविद्यालयाकडे, बँकेच्या परीक्षेकडे किंवा शहराकडे वळतो. चळवळीला प्रशिक्षित माणूस हवा होता, तिने तो घडवला आणि गमावला. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्रीय संस्थेकडून १९७२ पासून पुस्तके, कपाटे, इमारत, पुढे संगणक अशी मदत येऊ लागली. त्यातही पगाराला जागा नव्हती. संगणक आला, आज्ञावली आली, हजारो पुस्तकांची माहिती एकेक करून भरायची आली. ती भरणारा माणूस तोच राहिला आणि त्याचा पगारही तोच.

या सगळ्यात शासनाने कर्मचाऱ्याला व्यक्ती म्हणून ओळखले अशी एक जागा आहे, राज्य पुरस्कारांची. ऐंशीच्या दशकापासून उत्कृष्ट ग्रंथालयांना आणि उत्कृष्ट 'कार्यकर्ता' व 'सेवक' यांना पुरस्कार दिले जातात. व्यक्तींचा पुरस्कार ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री सांगणाऱ्या मद्रासच्या ग्रंथपालाच्या, म्हणजे याच रंगनाथन यांच्या नावाने आहे, त्यांचाच जन्मदिवस १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. पुरस्कारातली ही विभागणी लक्षात घ्यावी. कार्यकर्ता म्हणजे संस्थेचा पदाधिकारी, जो विनावेतन काम करतो. सेवक म्हणजे पगारी कर्मचारी. दोघांनाही 'ग्रंथमित्र' म्हटले जाते. त्यागासाठी कार्यकर्त्याचा सन्मान व्हावा, यात वाद नाही. पण सेवकाचाही सन्मान त्यागासाठीच होतो. सत्काराच्या भाषणांत 'तुटपुंज्या मानधनावर तीस वर्षे सेवा' हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते आणि सभागृह टाळ्या वाजवते. तुटपुंजे मानधन ही कौतुकाची गोष्ट कशी झाली, असा प्रश्न व्यासपीठावरून कोणी विचारत नाही. ज्याला पुरस्कार मिळाला त्याच्या घरात ते मानचिन्ह फार जपून ठेवलेले असते. मला त्या मानचिन्हाबद्दल आदरच आहे, म्हणूनच हे लिहिले.

मधल्या दशकांत समित्या झाल्या. वेतनश्रेणी द्यावी, सेवाशर्ती ठरवाव्यात अशा शिफारशी आल्या, मोर्चे निघाले, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धरणे आंदोलने झाली. उत्तर बहुतेक वेळा अनुदानवाढीच्या रूपात आले, आणि अनुदान वाढले की पगारही आपोआप वाढेल असे गृहीत धरले गेले. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये फक्त कागदावर होती हे उघड झाले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. ती हवीच होती. पण त्यासोबत नव्या मान्यता आणि दर्जावाढ थांबली आणि ही स्थगिती वर्षानुवर्षे लांबली. वर्ग बदलला तरच पगार बदलतो अशा व्यवस्थेत दर्जावाढ थांबणे म्हणजे प्रामाणिकपणे पुस्तके आणि सभासद वाढवणाऱ्या ग्रंथालयातल्या माणसाची एकमेव शिडी काढून घेणे. बोगस ग्रंथालये कोणी काढली होती? पुस्तके देणाऱ्याने नाही. शिक्षा मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली.

दहा वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. बातमी मोठी होती आणि आनंदही खरा होता. ड वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० झाले, अ वर्ग जिल्हा ग्रंथालयाचे ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार. आता ड वर्गाचा हिशेब करून पाहू. ४८,००० चे निम्मे २४,०००, म्हणजे महिन्याला २,००० रुपये. आधी हाच आकडा १,२५० होता. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर तेवढे महिने तेही नाहीत, आणि संस्थेची वर्गणी जमत नसेल तर त्यात भर घालायला कोणी नाही. वरच्या वर्गांत रक्कम मोठी आहे, पण वाटेकरीही जास्त आहेत : ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई.

संघटनांच्या मागण्यांचा रोख आता अनुदानाच्या आकड्यावरून कायद्यावर सरकला आहे. परिरक्षण अनुदानातून वेतन वेगळे काढा, ते कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात थेट जमा करा, सेवाशर्तींचे कलम १९६७ च्या कायद्यात घाला. यातली पहिली मागणी सगळ्यांत साधी दिसते, पण तीच सगळ्यांत कठीण आहे. वेतन वेगळे काढले की त्याला पद लागते, पदाला मंजुरी लागते, आणि मंजुरी दिली की तो माणूस शासनमान्य होतो.