व्हिडिओ एक्स्टेंडर

संगणक, सेट-टॉप बॉक्स किंवा कॅमेऱ्याच्या मिक्सरमधून निघणारे चित्र आणि आवाज नेटवर्कच्या तारेवरून लांबच्या पडद्यापर्यंत पोहोचवणारी उपकरणांची जोडी. तारेच्या एका टोकाला ट्रान्समीटर बसतो, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागाच्या पट्ट्यात मंगल कार्यालये, गणेशोत्सवाचे मंडप आणि शाळांची सभागृहे ही तिच्या वापराची मुख्य ठिकाणे.

एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी जोडणी) २००२ साली आले ते टीव्ही आणि प्लेअर एकाच खोलीत आहेत असे धरून. १०८०पी (फुल एचडी) चित्राला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर १०-१५ मीटरच्या पुढे त्याचा भरवसा नसतो; त्याच्या चौपट ठिपक्यांच्या ४के चित्राला तर पाच मीटरनंतरच धाकधूक सुरू होते. त्यात एचडीएमआयचा रुंद प्लग भिंतीतल्या अर्ध्या इंची पाइपातून जात नाही. कॅट-सिक्स, म्हणजे जोडीजोडीने पिळलेल्या आठ बारीक तारांची नेटवर्कची तार, आरामात ओढून नेता येते आणि तिचे टोक जागेवरच क्रिंप करता येते, म्हणजे प्लग दाबून बसवता येतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. सर्वांत स्वस्त प्रकारात दोन समांतर तारा लागतात आणि तो थोड्या अंतरापुरताच चालतो. कायमच्या कामाला तो घेऊ नये. दुसरा एचडीबेसटी. एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स यांनी २०१० साली त्यासाठी संघटना स्थापन केली. एकाच तारेवरून १०० मीटरपर्यंत चित्र, आवाज, रिमोटचे संकेत आणि वीजही जाते. तिसऱ्या प्रकारात चित्र दाबून लहान केले जाते आणि नेटवर्कच्या पाकिटांतून पाठवले जाते. हा नेटवर्क स्विचमधून (अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या उपकरणातून) जातो, एका ट्रान्समीटरवर अनेक पडदे चालतात, पण चित्र मागे पडते. स्टेजवर ‘शुभमंगल सावधान’ म्हणून अक्षता पडून जातात, वाजंत्रीचा आवाज जेवणाच्या हॉलपर्यंत थेट येतो, आणि तिथल्या टीव्हीवर भटजींचा हात अजून वरच असतो. लग्नाच्या हॉलसाठी म्हणूनच एचडीबेसटी बरे. दहा वर्गांत एकच कार्यक्रम दाखवायचा असेल तर तिसरा प्रकार.

एचडीबेसटीच्या आणि साध्या नेटवर्कच्या तारेचा प्लग सारखाच असल्याने घोटाळे होतात. एचडीबेसटीची तार नेटवर्क स्विचमध्ये खोचली तर चित्र येत नाही, आणि स्विच तारेतून वीज देणारा असेल तर एक्स्टेंडरचा डबा जळूही शकतो. मंडपात भर पडते ती एलईडी वॉलच्या, म्हणजे दिव्यांची पॅनेले जोडून केलेल्या मोठ्या पडद्याच्या, तारांची. कंट्रोलरपासून पॅनेलपर्यंतही कॅट-सिक्सच जाते, पण तिच्यातली माहिती वेगळ्याच पद्धतीची असते. जाणता ऑपरेटर तिन्ही तारांना तीन रंगांची चिकटपट्टी लावतो.

बिघाडाचा पहिला संशय तारेवर घ्यावा, डब्यावर नव्हे. स्वस्त गुंडाळ्यांत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. इंटरनेटला ते चालून जाते, पण चित्रात पांढरे ठिपके चमकू लागतात आणि मग पडदा काळा होतो. क्रिंप करताना क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा आणि जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत राहू द्यावा. तार शाबूत असूनही चित्र येत नसेल, तर पडदा आपली क्षमता स्रोताला कळवतो तो संवाद, म्हणजे ईडीआयडी, तुटलेला असण्याची शक्यता असते. सगळे बंद करून आधी पडदा, मग रिसीव्हर, शेवटी स्रोत चालू केल्यास पुष्कळदा काम होते.

वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट असताना दोन इमारतींमधली लांब तांब्याची तार धोक्याची ठरते. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी पोर्ट जळतात. अशा ठिकाणी ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल वापरावी. मात्र ती जागेवर कापून जोडता येत नाही, त्यामुळे आधी दोरी लावून वळणांसकट अंतर मोजावे लागते. तिच्या दोन टोकांवर स्रोताची आणि पडद्याची बाजू ठरलेली असते; उलटी ओढली तर सगळी तार पाइपातून परत काढावी लागते.