संपीडित संगीतातील दोष ओळखणे

एमपीथ्री, एएसी यांसारख्या पद्धतींनी आकाराने लहान केलेल्या ध्वनिफाइलींत मूळ मुद्रणात नसलेले जे विकार शिरतात, ते कानाने हेरण्याचा अभ्यास. ‘आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो’ ही तक्रार बहुधा याच विकारांची असते. ध्वनिमुद्रण-कक्षातला ‘कंप्रेसर’ लहानमोठ्या आवाजांच्या पातळ्या जवळ आणतो. येथील संपीडनाशी त्याचा संबंध नाही, गल्लत मात्र नेहमी होते.

सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिट आणि डावा-उजवा असे दोन मार्ग, मिळून 1,411 किलोबिट खर्च होतात. 128 किलोबिटच्या फाइलीत (सेकंदाच्या या खर्चाला बिटरेट म्हणतात) त्याचा सुमारे अकरावा हिस्सा उरतो. काय गाळायचे हे ठरवताना मोठ्या आवाजाच्या आड लहान आवाज कानाला लागत नाही, या आच्छादनाच्या तत्त्वाचा आधार घेतात. एमपीथ्रीची घडण मुख्यतः जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत झाली. तिचे मानक 1993 मध्ये प्रसिद्ध झाले आणि फाइलीच्या नावापुढे लागणारी तीन अक्षरे 1995 मध्ये ठरली.

वरचा पट्टा कापला जाणे हाच मुख्य दोष, असा समज रूढ आहे. 128 किलोबिटला साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचा भाग जातो, फाइल संपीडित करणाऱ्या प्रणालीनुसार (एन्कोडरनुसार) थोडा कमीजास्त. पण चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच श्रोत्यांना तिथले मुळातच फारसे ऐकू येत नाही, आणि गायनात तिथे फारसे काही नसतेही. संगणकावर आलेख पाहून फाइलीला नावे ठेवणारे डोळ्यांनी ऐकतात, असेच म्हणावे लागते.

खरा कस लागतो तो पूर्वप्रतिध्वनी, म्हणजे मूळ आवाजाच्या आधीच ऐकू येणारा विकार, ओळखताना. ही संज्ञा तीन वेगळ्या दोषांना लावली जाते आणि जुन्या मुद्रणांच्या चर्चेत तिने बराच घोळ घातला आहे. लाँगप्ले तबकडीत शेजारच्या खाचेचा ठसा उमटून पुढचा आवाज आधीच पुसट ऐकू येतो. मिनिटाला 33⅓ फेरे धरले तर तो एक फेरा, म्हणजे 1.8 सेकंद आधी येतो. 78 गतीच्या तबकडीत असा दोष असलाच तर पाऊण सेकंद आधी. चुंबकीय फितीत एका वेढ्याचे चुंबकत्व लगतच्या वेढ्यात उतरते. तिथले अंतर वेढ्याच्या परिघावर आणि फितीच्या वेगावर ठरते. या दोन्हींत पुढच्या स्वराची ओळखता येईल अशी छाया असते. संपीडनातला प्रकार निराळा आहे. एन्कोडर आवाजाचे सुमारे 26 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून हिशेब करतो आणि त्या हिशेबातली चूक सबंध तुकड्यावर पसरते. तुकड्याच्या शेवटी आघात, म्हणजे एकदम उठणारा आवाज, असेल, तर त्याच्या आधीच्या शांततेत बारीक खरखर सांडते. इथे स्वराची छाया नसते, नुसता कचरा असतो. त्यामुळे तिन्हींना एकच नाव देणे सोयीचे असले तरी बरोबर वाटत नाही.

आघात ओळखून एन्कोडर तुकडे एकतृतीयांश करतो. तरी बिट अपुरे पडले किंवा अंदाज चुकला, की दोष राहतो. आघातापूर्वीचा आवाज त्या आघाताआड किती वेळ झाकला जातो, याविषयी एकमत नाही. काही ग्रंथ 20 मिलिसेकंदांपर्यंतची मर्यादा देतात. प्रत्यक्षात उपयोगी पडण्याइतके आच्छादन शेवटच्या पाचेक मिलिसेकंदांतच मिळते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. आघातानंतरचे आच्छादन मात्र 100 मिलिसेकंदांच्या पुढेही टिकते.

याचा एक परिणाम तबलावादकांना उलटा वाटेल. सेकंदाला आठ-दहा अक्षरांच्या लयीत तिरकिट चालले असताना प्रत्येक बोलाआधीची खरखर मागच्या बोलाआड बरीचशी दडते. ती पकडायची तर विलंबित एकताल घ्यावा, तोही भरणा न करता धरलेला. सहाव्या मात्रेच्या ‘ना’ची आस विरत जाते, मागे तानपुरा तेवढा उरतो आणि सातव्या मात्रेचा ‘क’ डग्ग्यावर कोरडा पडतो. 64 किलोबिटला त्या ‘क’च्या अगोदर ‘स्स’ अशी निसटती झुळूक येते आणि बोलाची धार बोथट होते. एकदा तिथे ऐकली, की 96 ला सापडते. 128 ला सापडेलच असे नाही. भजनातले टाळ हीही चांगली परीक्षा आहे. युरोपीय चाचण्यांत हे काम कॅस्टनेट, म्हणजे हातात वाजवायच्या लाकडी टिपऱ्या, करतात.

वडोदऱ्यात या अभ्यासाला एक वेगळीच अडचण आहे. गायक मौलाबक्षांच्या देखरेखीखाली 1886 मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेचे हे शहर. 1950 मध्ये इथेच निवर्तलेल्या आग्रा घराण्याच्या गायक फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून आज फोनवर फिरतात, त्या मूळ तबकडीपासून कितव्या पिढीच्या, हे सांगणे कठीण. तबकडीची खरखर एन्कोडरला अतिशय महाग पडते, कारण तिच्यात नियमितपणा नसतो. त्यातून 78 ची तबकडी एकमार्गी असताना दोनमार्गी सुईने उतरवून तशीच ठेवली, तर गाणे मधोमध आणि खरखर दोन्ही कानांत वेगवेगळी, असे होते; निम्मे बिट कचऱ्याच्या उठाठेवीत जातात. दोन्ही मार्ग आधी एकत्र केले, तर त्याच बिटरेटला खाँसाहेबांचा आवाज ठळक येतो.

खरखर काढण्याच्या प्रक्रियेतूनही किलबिल उरते आणि ती कमी बिटरेटच्या झुळझुळीशी इतकी मिळतीजुळती असते, की नुसत्या फाइलीवरून निवाडा करू नये. प्रस्तुत लेखकाने वडोदऱ्यातल्या एका घरगुती संग्रहातील आलापाच्या मागची झुळझुळ आठवडाभर एमपीथ्रीच्या माथी मारली होती. पुढे असंपीडित वेव्ह प्रत मिळाली. झुळझुळ तिच्यातही होती.

तानपुऱ्याची जवारी डळमळणे, ‘स’ आणि ‘श’ तोतरे होणे, टाळ्यांचा पाऊस होणे, हे इतर दोष सहज कळतात.

शिकण्याची रीत म्हणजे दोन्ही प्रती स्वतः तयार करून आंधळी तुलना करणे: क ऐकावा, ख ऐकावा, मग अज्ञात प्रत यांपैकी कोणती ते सांगावे. 16 पैकी 12 वेळा बरोबर आले, तर ते केवळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. सरावाने कान तीक्ष्ण होतो की लक्ष कुठे द्यायचे ते कळते, याबद्दल दोन मते आहेत. एकतालातल्या ‘क’ या बोलाचे उदाहरण दुसऱ्या मताकडे झुकते. दोन्ही प्रतींची पातळी सारखी हवी, नाहीतर मोठी तीच चांगली वाटते. एमपीथ्री उलगडताना आरंभी भर पडते, ती लेम या एन्कोडरच्या फाइलीत 1,105 नमुन्यांची, म्हणजे 25 मिलिसेकंदांची असते. ती छाटून प्रती जुळवल्या नाहीत, तर बदलताना ठेका किंचित अडखळतो आणि शिकाऊ श्रोता त्या अडखळण्यावरूनच सोळाच्या सोळा उत्तरे बरोबर देतो.