त्याचा ॲटिट्यूड आणि त्याला ॲटिट्यूड

भाच्याच्या कंपनीतला वार्षिक मूल्यमापनाचा कागद ताईच्या हाती लागला. काम, वक्तशीरपणा, टीमवर्क अशा रकान्यांपुढे ५ पैकी आकडे होते आणि 'ॲटिट्यूड'पुढे ३. ताई हबकली. "ऑफिसात माज करतोस म्हणतात होय रे तुला? तोही ५ पैकी ३?" भाचा म्हणाला, "अगं आई, ५ मिळाले असते तर पगार वाढला असता." ते ऐकून तर तिने कपाळालाच हात लावला.

तसं पाहिलं तर दोघंही बरोबर होते. हा शब्द मराठीत दोन दारांनी आला. एकदा पुस्तकांतून आणि कचेऱ्यांतून, तेव्हा त्याचा अर्थ दृष्टिकोन, वृत्ती. दुसऱ्यांदा कॉलेजच्या कट्ट्यावरून, तेव्हा अर्थ माज, तोरा, ताठा. इंग्रजीतही हा दुसरा अर्थ अलीकडचा, विसाव्या शतकातल्या अमेरिकन बोलीतून आलेला. पण आपण त्या दोन अर्थांची जी सोय लावली ती खास मराठी आहे, विभक्तीने लावलेली.

'तिचा ॲटिट्यूड चांगला आहे' म्हटलं की वृत्ती. 'तिला ॲटिट्यूड आहे' म्हटलं की माज. पहिल्यात षष्ठी आहे आणि सोबत विशेषण लागतं. चांगला, वाईट, सकारात्मक, काहीतरी सांगावंच लागतं. दुसऱ्यात 'ला' आला की विशेषणाची गरजच उरत नाही. त्याला ताप आहे, त्याला घमेंड आहे, तसाच त्याला ॲटिट्यूड आहे. क्रियापदंही वाटून घेतलेली आहेत. वृत्ती 'ठेवायची', 'बदलायची', माज 'दाखवायचा'. आणि 'ॲटिट्यूड देतो' हे तर सरळ 'भाव खातो'च्या शेजारी जाऊन बसलं. नियम शंभर टक्के पाळला जात नाही. 'त्याचा ॲटिट्यूड बघ जरा' यात षष्ठी असूनही माजच आहे. पण तिथे विशेषण नाही, हेही बघा.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळाच. माज दिसावाच लागतो. घरात एकटं बसून कोणी माज करत नाही, त्याला समोर माणूस हवा. वृत्ती मात्र दिसत नाही, अंदाजाने ताडावी लागते, आणि तो अंदाज सपशेल चुकू शकतो. रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका तरुण चिनी जोडप्याला बरोबर घेऊन अमेरिकाभर प्रवास केला. चिनी लोकांबद्दल तिथे उघड आकस असण्याचा तो काळ. हॉटेलं, खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना त्याने पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' लिहिलं. १९३४ साली त्याने हे छापलं, तेव्हापासून वृत्ती आणि वागणूक यांची सांगड कशी घालायची यावर मानसशास्त्रज्ञ वाद घालताहेत.

तरी मोजायची हौस आहेच. भाच्याच्या कागदावरचं ५ पैकी ३ जिच्यावरून आलं, ती पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडली, तीही वृत्ती मोजण्यासाठीच. फरक इतकाच की लिकर्ट माणसाला स्वतःलाच विचारत होता. भाच्याला कोणी विचारलं नव्हतं, साहेबांनी परस्पर आकडा टाकला.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत विचाराल तर गोंधळ तिसराच. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा पेपर आहे. त्यात ॲटिट्यूड म्हणजे अभिवृत्ती आणि ॲप्टिट्यूड म्हणजे अभियोग्यता, आणि रात्री दोन वाजता दोन्ही 'अभि' सारखेच दिसतात. (पहिलं म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलचा कल, दुसरं म्हणजे ती शिकण्या-करण्याची उपजत कुवत.) पोरांचा फारसा दोष नाही, कारण मुळात हे दोन्ही इंग्रजी शब्द एकाच लॅटिन शब्दाची पोरं. एक थेट आलं, दुसरं इटलीमार्गे फिरून.

त्या इटलीच्या फेरीतच खरी गंमत आहे. सतराव्या शतकात इंग्रजीत शिरताना ॲटिट्यूडचा अर्थ मनाशी संबंधित नव्हताच. तो चित्रकार-शिल्पकारांचा शब्द होता: चित्रातल्या किंवा पुतळ्यातल्या आकृतीची उभं राहण्याची ढब. एका पायावर तोल सांभाळण्याच्या एका बॅलेमुद्रेला आजही ॲटिट्यूडच म्हणतात. विमानाचं नाक क्षितिजाच्या वर आहे की खाली, कुठला पंख झुकलाय, त्या स्थितीलाही हाच शब्द. शरीराच्या ढबीवरून तो पुढे मनाच्या कलाकडे सरकला. म्हणजे पुस्तकी अर्थ नंतरचा, आणि कट्ट्यावरचा अर्थ नकळत मूळ घराकडे परतलेला.

भाच्याच्या व्हॉट्सॲपवर जो फोटो आहे त्यात तो मित्राच्या बुलेटला टेकून उभा आहे. गॉगल, हाताची घडी, एक पाय दुमडून मागे, हनुवटी वर. सतराव्या शतकातल्या चित्रकाराने त्याला ॲटिट्यूडच म्हटलं असतं. ताई तर आधीपासूनच म्हणतेय.