वादळात पडलेली वाडी जीडीपीतून वजा होते का?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हापासून एक समज पक्का आहे: इतक्या कोटींचं नुकसान झालं, म्हणजे देशाचा जीडीपी तेवढा घटला.

तसं होत नाही. जीडीपी म्हणजे त्या वर्षात नव्याने झालेलं उत्पादन. साठलेली मालमत्ता नव्हे. उभी पोफळ ही हिशोबाच्या भाषेत स्थिर मालमत्ता, घरासारखी किंवा होडीसारखी. ती वादळात गेली की नोंद मालमत्तेच्या वेगळ्या खात्यात होते, आपत्तीतली हानी म्हणून. नेहमीच्या झिजेतही ती धरत नाहीत, त्यामुळे निव्वळ उत्पादनातूनही, म्हणजे जीडीपीतून झीज वजा करून उरणाऱ्या आकड्यातूनही, ती वजा होत नाही.

जीडीपीत दिसते ती न आलेली सुपारी. नवं रोप धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे एका दुपारचा घाव आकड्यांत वर्षानुवर्षं थोडा थोडा उतरतो. मासेमारी बंद राहिलेल्या दिवसांचंही तेच. उलट कौलं, पत्रे, नवं बांधकाम ही उत्पादनात मिळवली जातात. सरकारी भरपाई मात्र नाही. ते फक्त हस्तांतरण: पैसा सरकारकडून लोकांकडे जातो, नवं काही तयार होत नाही.

म्हणून नंतर वाढीचा दर चांगला दिसला, तर ‘कोकण सावरलं’ असं कुणी म्हणू नये. ज्याची आजोबांनी लावलेली वाडी गेली, त्याचं नुकसान त्या दरात मोजलेलंच नसतं. ते पाहायचं तर पंचनामे आणि मालमत्तेचे हिशोबच उघडावे लागतात.