अंबरमधला डास आणि डायनासोर

राणीच्या बागेत पेंग्विन आले, उद्या डायनासोरही येईल. अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकातल्या डासाच्या पोटात त्याचं रक्त सापडतं ना, त्यातल्या डीएनएपासून बनवू की! नाही सापडत. पेशी मेली की पाणी आणि विकरं (एन्झाइम्स) डीएनएची साखळी तोडत जातात. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांत, साधारण १३ अंशांना, दर ५२१ वर्षांनी निम्मे दुवे तुटलेले आढळले. (मुंबईच्या दमट उकाड्यात तर विचारूच नका.) सुमारे २० लाख वर्षांचा डीएनए मिळालाय, तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून. डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी.

क्लोनिंगला, म्हणजे जिवाची हुबेहूब प्रत बनवायला, शाबूत पेशी लागते. बुकार्डो या नामशेष झालेल्या रानबकरीच्या गोठवून ठेवलेल्या पेशीचं केंद्रक, साध्या बकरीच्या केंद्रक काढलेल्या अंडपेशीत घातलं. २००३ मध्ये पिल्लू जन्मलं. फुफ्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच गेलं.