कंडरा-जोडणीनंतरचे स्प्लिंट व हालचाल

बोट मिटवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा चिवट धागा) विळी, सुरी किंवा काचेने तुटल्यास ती शिवतात आणि मग हात ठरावीक कोनात स्प्लिंटमध्ये (आधारपट्टीत) ठेवून पहिल्या काही दिवसांतच बेताची हालचाल सुरू करतात. टाका सुटू नये आणि कंडरा भोवतालच्या भागाला चिकटूही नये, असा दुहेरी हेतू यामागे असतो.

तळव्याच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात. अमेरिकी हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. तिथे लगेच न शिवता पुढे कंडरारोपण (दुसरीकडची कंडरा काढून बसवणे) करावे, असा दंडक दीर्घकाळ होता. 1967 च्या सुमारास अमेरिकेतील लुइव्हिलचे हॅरल्ड क्लाइनर्ट व सहकारी यांनी तिथल्याच तत्काळ जोडणीचे चांगले परिणाम मांडले. त्यांच्या पद्धतीत रुग्ण बोट स्वतः उघडतो आणि नखाला बांधलेला रबरबँड ते परत मिटवतो. पद्धत क्लाइनर्टच्या नावाने रूढ असली, तरी यंग व हार्मन यांनी 1960 मध्येच रबरबँड वापरल्याचे आढळते. आरंभाचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ड्युरान व हाउझर (1975) यांनी दुसऱ्या हाताने बोट हलवण्याची पद्धत सांगितली. 3 ते 5 मिमी सरकणे पुरेसे, असे त्यांचे मत होते.

मेसन व ॲलन (1941) यांच्या श्वानप्रयोगांत शिवलेली कंडरा सुरुवातीच्या दिवसांत दुबळी होते असे दिसले. त्यावरून तीन आठवडे विश्रांतीचा आग्रह धरला गेला. पोटेंझा यांच्या मते कंडरा भोवतालच्या ऊतींच्या आधाराने सांधते, तर लुंडबोर्ग यांनी तिची स्वतःची सांधण्याची क्षमता दाखवली. दोन्ही प्रक्रिया चालतात, असे आता मानतात. मात्र हालचालीने कंडरेच्या स्वतःच्या सांधण्याला वाव मिळतो, हे गेल्बरमन यांच्या प्रयोगांशी जुळते.

स्प्लिंट हाताच्या पाठीवर असते: बोटांच्या मुळाचे सांधे बरेच वाकलेले, पुढचे सरळ. रुग्ण दुसऱ्या हाताने बोट तळव्याकडे हळूच दुमडतो, मग स्प्लिंटला टेकेपर्यंत उघडतो. हे उघडणे टाळले, तर मधला सांधा वाकडाच राहतो. टाका भक्कम असल्यास अलीकडे रुग्णाला बोट स्वतःच्या जोराने थोडे मिटवू देतात. स्प्लिंट साधारण सहा आठवड्यांनी निघते, पण बादली उचलणे, कपडे पिळणे यांसाठी बारा आठवडे थांबणे इष्ट. दुखणे थांबते तेव्हा कंडरा पक्की झालेली नसते.

लहान मुलांना हे पथ्य पाळता येत नसल्याने बहुधा तीन-चार आठवडे प्लास्टर घालतात.